राखण गावाची, निर्णय कुणाचा?

२००६ च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात १०३ वाघांचा अंदाज निघाला होता. २०२२ च्या गणनेत तो ४४४ वर गेला. सोळा वर्षांत चौपटीहून अधिक वाढ ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय वनखात्याला, न्यायालयांना, अभ्यासकांना दिले जाते, ते योग्यच आहे. पण ज्यांच्या बांधावरून हे वाघ ये-जा करतात, ज्यांच्या गोठ्यातली वासरे गेली, ज्यांच्या घरची माणसे सरपणाला गेली ती परत आलीच नाहीत, त्या गावांचा उल्लेख या हिशेबात ‘ग्रामस्थांचे सहकार्य लाभले’ या एका ओळीत आटोपतो.

राज्यातले बरेच वाघ व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीबाहेर राहतात. चंद्रपूर जिल्ह्यातला ब्रह्मपुरी वनविभाग म्हणजे मुख्यतः प्रादेशिक जंगल, धानाच्या बांध्या आणि दाट गावे. तिथली वाघांची वस्ती राज्यातल्या काही व्याघ्र प्रकल्पांना मागे टाकणारी आहे. बिबट्या उसात राहतो. माळढोक ज्वारीच्या आणि पडीक रानात वावरायचा. समुद्री कासव गावाच्या पुळणीवर अंडी घालते. दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून आलेले हत्ती केळी-माडांच्या बागांत उतरतात. म्हणजे वन्यजीवांचे व्यवस्थापन गावात रोज होतच असते, मग ते राखून होवो, सोसून होवो किंवा कुंपणात वीज सोडून होवो. गावाला या कामात घ्यावे की नाही, हा प्रश्न त्यामुळे उरतच नाही. कोणत्या अटींवर घ्यावे, एवढाच उरतो. राज्यातले गेल्या तीस-चाळीस वर्षांतले प्रयोग शेजारी-शेजारी ठेवून पाहिले तर माझ्या मते त्याचे उत्तर बरेचसे मिळते.

आधी कायद्याची वाट थोडक्यात पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली. त्या काळात ते अत्यंत गरजेचे होते. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होते. या सगळ्या रचनेत गावाची जागा मात्र ‘जैविक दबाव’ अशी होती. गुरे, सरपण, मोहफुले हे सारे जंगलावरचे ओझे मानले गेले. केंद्राच्या १९९० च्या परिपत्रकानंतर महाराष्ट्राने १९९२ मध्ये संयुक्त वन व्यवस्थापन स्वीकारले आणि गावोगावी समित्या झाल्या. बहुतेक ठिकाणी समितीचा सचिव वनपाल, आराखडा खात्याचा आणि काम रोजंदारीचे असे तिचे रूप राहिले. निधी संपला की समितीही थंडावली. २००२ च्या दुरुस्तीने, गावाने स्वतःहून राखलेली जमीन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित करायची सोय झाली. तिचा उपयोग ईशान्येत, विशेषतः मेघालय आणि नागालँडमध्ये झाला, कारण तिथली जमीन मुळातच गावाच्या आणि कुळांच्या ताब्यात आहे. आपल्याकडे हक्कच नव्हता, तर गावाने अर्पण काय करायचे? तो हक्क देणारा कायदा आला २००६ मध्ये.

त्याकडे वळण्याआधी किनाऱ्यावर जाऊ, कारण राज्यातला सर्वांत लोकप्रिय झालेला प्रयोग तिथे घडला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी किनाऱ्याने फिरत असताना त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी पुळणीवर येत होती, पण तिची अंडी माणसे, कुत्री आणि कोल्हे यांच्याकडून सुटत नव्हती. संस्थेने पोलिसी मार्ग घेतला नाही. गावाशी बोलून गावातल्याच माणसांना राखणीला लावले.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. मादी रात्री भरतीच्या रेषेवर चढून येते, मागच्या वल्ह्यांनी दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आगेमागे अंडी घालते, वाळू दाबून बुजवते आणि समुद्रात परतते. मागे वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकाने उठावा तसा माग राहतो. पहाटे फेरी मारणारा कासवमित्र तो माग धरून वर चढतो. माग जिथे वळतो तिथे काठीने वाळू हळूच दाबून बघतो आणि भुसभुशीत लागली की हाताने उकरतो. अंडी उन्हाच्या आत, न हिंदकळता, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरायची असतात. खड्ड्याशी तारखेची आणि अंड्यांच्या संख्येची पाटी लागते. पन्नासेक दिवसांनी त्यावर टोपली पालथी घातली जाते आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पिल्ले आली का ते पाहतात. घरटे नेमके शोधण्याची नजर, मागावरून मादी किती वाजता आली असेल हे ओळखणे, वाऱ्याचा आणि भरतीचा अंदाज हे कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळत नाही. ते अंडी काढणाऱ्यांकडेच होते. कालचे अंडी काढणारे आज राखतात, यात नुसते मतपरिवर्तन नाही, एका कौशल्याला नवे काम मिळाले आहे.

२००६ च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्या घरांतच राहू-जेवू लागले. मोठे रिसॉर्ट उभे न राहता माजघर आणि पडवी यांतून पैसा आला, घरातल्या बाईच्या हातात आला, म्हणून राखणीला घरातून पाठिंबा मिळाला. पुढे संस्थेने हे काम टप्प्याटप्प्याने वनखाते आणि गाव यांच्याकडे सोपवले. आंजर्ल्यापासून सिंधुदुर्गापर्यंत बऱ्याच गावांत आज कासवमित्र आहेत. संस्थेने वेळेवर बाजूला होणे हा या प्रयोगातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. कितीतरी चांगली कामे कार्यकर्ता आहे तोवरच टिकतात. वेळासमध्येही प्रश्न आहेत. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, खोल्या असलेल्यांना जास्त लाभ, शनिवार-रविवारी किनाऱ्याला न पेलणारी गर्दी. पण हे प्रश्न गावच्या बैठकीत सुटू शकतात, कारण पुळण आपली आहे ही भावना तिथे पक्की आहे.

याच किनाऱ्यावर कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय खात्याने डिसेंबर २०१८ मध्ये एक साधी योजना आणली. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि मच्छिमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर फाटलेल्या जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून सुटकेची छायाचित्रे किंवा चित्रफीत पुरते. ही योजना मला आदर्श वाटते. ती मच्छिमाराला प्राण्यांवरच्या प्रेमाचे धडे देत नाही. जाळे हे त्याचे भांडवल आहे हे मान्य करते, त्याच्या शब्दावर आणि मोबाइलवर विश्वास ठेवते. प्राण्यांविषयीची कणव मच्छिमारांत होतीच, तिची किंमत एकट्याने मोजायला लागू नये एवढेच शासनाने पाहिले.

याच्या अगदी उलट गोष्ट सोलापूरची. नान्नजच्या माळावर माळढोक आहेत, हे सत्तरच्या दशकात बी. एस. कुलकर्णी यांनी चिकाटीने जगापुढे आणले. १९७९ मध्ये शासनाने माळढोक अभयारण्य घोषित केले आणि त्याचा विस्तार ठेवला सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके त्यात आले. बहुतेक जमीन खाजगी होती, शेतकऱ्यांची होती. खरेदी-विक्री, बांधकाम, रस्ते, उद्योग यांवर बंधने आली. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायचे तर पक्ष्याची अडचण. ज्यांच्या ज्वारीत हा पक्षी पिढ्यान्पिढ्या दाणे आणि टोळ टिपत फिरला, त्यांना तो आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा वाटू लागला. बऱ्याच वर्षांनी न्यायालयाच्या मान्यतेने अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर उजनीचे पाणी, ऊस, द्राक्षबागा, गवताळ माळावर लावलेली झाडे आणि विजेच्या तारा यांनी माळाचे रूप पालटले होते. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्रात बातमी होते. केवळ शेतकऱ्यांच्या रागाने पक्षी गेला असे म्हणणे खोटे ठरेल. पण वर्षाला एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालणाऱ्या पक्ष्याला भिंतीपेक्षा पडीक रान तसेच ठेवणारा शेतकरी हवा होता. नकाशावर रेघ ओढण्याआधी त्याला कुणी विचारले नाही. रान पडीक ठेवण्याबद्दल त्याला एकरी काही देता आले असते. तेही झाले नाही. महाराष्ट्राच्या वन्यजीव व्यवस्थापनातली ही सर्वांत महागडी चूक आहे, असे माझे मत आहे.

आता इंदापूर-बारामतीकडच्या माळांवर, कडबनवाडी आणि शिर्सुफळला, लांडगे आणि चिंकारा दाखवणारी गवताळ सफारी सुरू झाली आहे आणि वाटाडे स्थानिक तरुण आहेत. ही दिशा योग्य आहे. पण माळावर लांडगा टिकला तो मुख्यतः धनगरांमुळे. लांडग्याने एखादे कोकरू नेले तर तो त्याचा वाटा, असे मानणारे मेंढपाळ अजून आहेत. सफारीच्या पैशात त्यांचा वाटा धरला गेला नाही, आणि चराई मात्र बंद झाली, तर नान्नजचीच पुनरावृत्ती होईल.

जुन्नरचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे राखणे आणि सोसणे एकाच शेतात घडते. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या तालुक्यांत बारमाही पाणी आणले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. वर्षभर दाट आडोसा, ओढ्याला पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या असे सगळे त्याला एकाच ठिकाणी मिळाले. २००१ ते २००३ च्या सुमारास माणसांवरचे हल्ले एकदम वाढले. पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि दूरच्या जंगलात सोडायचे, हा तेव्हाचा उपाय होता. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवले की असे हलवलेले बिबटे अनोळखी मुलखात गोंधळतात, परत फिरतात आणि जिथे सोडले त्या भागात हल्ले वाढतात. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेला आणि माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला, ही गोष्ट चित्रपटामुळे घराघरांत गेली. त्याहून महत्त्वाची नोंद अकोले तालुक्यातली आहे. जिथे नावाला जंगल नाही अशा शेती-वस्तीच्या मुलखात अत्रेय यांना शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे आढळले, आणि अभ्यासाच्या काळात माणसाचा जीव गेला नव्हता. याच तालुक्याच्या डांगी भागात महादेव कोळी समाज वाघबारस पाळतो. पालघर-ठाण्याकडे वारल्यांच्या मुलखात वाघोबाची दीडशेच्या आसपास ठाणी अभ्यासकांनी नोंदली आहेत. वाघाशी शेजार करायची ही जुनी रीत आहे. तिने हल्ले थांबत नाहीत, पण हल्ला झाल्यावर गाव लगेच विष किंवा बंदूक हातात घेत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात जुन्नर भागात वारंवार घडणारा एक प्रसंग सांगतो. कोयता चालवणाऱ्या मजुराला सरीत बिबट्याची पिल्ले दिसतात, डोळेही न उघडलेली. टोळी हातातले काम टाकते. फोन जातो. वनरक्षक आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य येतात, पिल्ले तपासतात, वजन घेतात, कातडीखाली ओळखीची चिप बसवतात. संध्याकाळी पिल्लांना क्रेटमध्ये घालून नेमके त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे मागे सरतात. अंधार पडल्यावर मादी येते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. ती आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. पिल्ले हरवलेली मादी त्या शिवारात पिसाळून हिंडते आणि माणसावर येते, हे आता शेतकऱ्यांनाही पटले आहे. म्हणूनच ते शेत थांबवायला तयार होतात. पण त्या एक-दोन दिवसांचा खाडा कुणाच्या अंगावर पडतो? बीड किंवा अहिल्यानगरहून उचल घेऊन आलेल्या टोळीच्या. ऊस किती टन तोडला त्यावर तिची मजुरी ठरते. बिबट्याची पिल्ले वाचवणारा पहिला माणूस तो मजूर असतो. त्याचा बुडालेला दिवस भरून द्यायला फार मोठी रक्कम लागत नाही, पण तशी कायमची तरतूद झाली तर आजचे हे सौजन्य एक भक्कम व्यवस्था होईल.

अलीकडे या तालुक्यांत हल्ले पुन्हा वाढले, लहान मुले गेली, लोक रस्त्यावर उतरले. त्या संतापाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. शेतकऱ्यांची पहिली मागणी बिबटे मारा ही नव्हती. दिवसा वीज द्या, ही मागणी ते कितीतरी वर्षे करत आहेत. रात्री पाणी द्यायला उसात उतरावे लागते म्हणून माणूस आणि बिबट्या समोरासमोर येतात. हे वन्यजीव व्यवस्थापनाचेच काम आहे, पण ते महावितरणच्या हातात आहे आणि वनखात्याच्या आराखड्यात त्याला जागा नाही. गावाला निर्णयात घेतले असते तर ही गोष्ट पहिल्याच बैठकीत पुढे आली असती.

चंद्रपूरकडे वळले की आकडे अंगावर येतात. ताडोबा-अंधारीचा गाभा ६२५ आणि बफर १,१०२ चौरस किलोमीटरचा. बफरमध्ये गावे आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा गावांना गॅस, शौचालये, सौर कुंपणे मिळाली. मोहर्लीपासून बफरच्या बारक्या प्रवेशद्वारांपर्यंत वाटाडे गावचे आहेत, त्यांत मुलीही आहेत. गावोगावी प्राथमिक प्रतिसाद दले आहेत. वाघ दिसला की गर्दी पांगवणे, लोकांना घरी थोपवणे, पंचनाम्याला हजर राहणे ही कामे गावातले तरुण करतात. वाघाइतकीच जमावाचीही भीती असलेल्या अशा क्षणी गावचाच पोरगा जे बोलू शकतो ते गणवेशातला माणूस बोलू शकत नाही. ही दले राज्याची मोठी कमाई आहेत.

तरीही २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. मोहफुले आणि तेंदूपत्ता यांच्या हंगामात असे बळी दरवर्षी जातात. पहाटे वाकून फुले वेचणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही. जंगलात जाऊ नका, हे सांगणे सोपे आहे, पण या दोन महिन्यांच्या कमाईवर पावसाळ्याची तजवीज असते. एकटीने न जाता गटाने जाणे, मोहाखाली पालापाचोळा जाळण्याऐवजी जाळी अंथरणे, तेंदूची तोड कोणत्या कक्षात कोणत्या दिवशी करायची हे वाघांच्या हालचाली पाहून ठरवणे, हे सगळे करता येते. पण ते गावाने ठरवले तर पाळले जाते, फलकावर लिहिले तर वाचलेही जात नाही. पर्यटनाचा पैसाही असमान वाटला जातो. प्रवेशद्वाराजवळच्या गावाला रोजगार मिळतो, वीस किलोमीटर आतल्या गावाला फक्त वाघ मिळतो. माझ्या मते पर्यटनातल्या उत्पन्नाचा वाटा नुकसानीच्या प्रमाणात वाटला पाहिजे, प्रवेशद्वारापासूनच्या अंतराच्या नव्हे.

नुकसानीचे बोलायचे तर महाराष्ट्र भरपाईत मागे नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना २०२२ पासून २० लाख आणि २०२४ पासून २५ लाख रुपये मिळतात. २०२३ मध्ये भरपाईचा स्वतंत्र कायदा झाला आणि उशीर झाला तर व्याज देण्याची तरतूद त्यात आली. ही खरोखर पुढची पायरी आहे. अडचण पिकांच्या भरपाईत आहे. रोही आणि चितळ शेंडे खाऊन जातात, झाड फुटते, हिरवेही दिसते, पण उतारा घटतो. एका फेरीत केलेल्या पंचनाम्याला तो दिसत नाही. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवर हे मोजून दाखवले. जंगलाला लागून असलेल्या शेतांचे खरे नुकसान नजरअंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. त्यांनी सुचवलेला मार्ग असा की, पंचनामा सोडून शेवटच्या उताऱ्यातल्या तुटीवर मदत द्यावी आणि जो राखण करून जास्त पिकवतो त्याला बक्षीसही मिळावे, म्हणजे राखण करणे तोट्याचे ठरणार नाही. याचा राज्यभर गंभीरपणे विचार व्हायला हवा. शिवाय सातबारा ज्याच्या नावावर नाही अशा ठेक्याने शेती करणाऱ्याच्या किंवा दावा प्रलंबित असलेल्या वनजमीनधारकाच्या पदरी काहीच पडत नाही, आणि जंगलाला सर्वांत लागून तोच असतो. तो मग रात्र-रात्र मचाणावर जागल करतो, ऐपत असेल तर झटका मशीन घेतो, नसेल तर थेट खांबावरून आकडा टाकून कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेत रानडुकराबरोबर वाघही मरतो, आणि कधी शेजारचा माणूसही.

भरपाईतला उशीर प्राण्याच्याच जिवावर येतो. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या गोळावली येथे, म्हादई अभयारण्यात, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. त्याआधी गुरे मारली गेली होती. विष घालणे हा गुन्हा आहे, त्याला क्षमा नाही. पण गुरे गेल्यावर त्याच आठवड्यात दारात पैसे घेऊन माणूस आला असता तर काय झाले असते, हे विचारणेही आवश्यक आहे. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तिथे व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला, तेव्हा सत्तरीतल्या गावांची पहिली भीती आपल्या जमिनीच्या दाव्यांचे काय, हीच होती.

आता २००६ च्या वनहक्क कायद्याकडे येऊ. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्याआधी वीस-पंचवीस वर्षे अभ्यासगट आणि सर्वसहमतीची पद्धत रुजवली होती. बांबू विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला मात्र २०११ उजाडले, तेही केंद्रीय मंत्री स्वतः गावात आल्यावर. आज एकट्या गडचिरोलीत हजारावर गावांकडे असे हक्क आहेत.

मला यातले सर्वांत बोलके उदाहरण पाचगावचे वाटते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या या छोट्या गावाला २०१२ मध्ये एक हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. बांबूतून पैसा येऊ लागला. मग ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. तेंदूसाठी झाडे छाटतात, आगी लावतात, आणि फळे धरत नाहीत म्हणून पाखरांचे अन्न जाते, असे गावाचे म्हणणे. शिवाय ३४ हेक्टर जंगल काहीही न काढता राखून ठेवले. हे कोणत्याही अधिकाऱ्याने सांगितलेले नव्हते, त्यासाठी अनुदान नव्हते. तेंदूचा रोख पैसा हा विदर्भातल्या गरीब घराचा उन्हाळ्यातला आधार, तो सोडून देण्याचा निर्णय गरीब गावाने स्वतः घेतला, कारण जंगल पुढच्या वर्षीही आपलेच असणार याची त्याला खात्री होती. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरने उजाड झालेल्या जंगलात सीताफळ, आवळा वाढवला आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. हक्क दिला की लोक जंगल ओरबाडतील, या भीतीला ही गावे उत्तर देतात.

ग्रामसभा मिळाली की सगळे आपोआप चांगले होते, असे मात्र मी म्हणणार नाही. सामूहिक हक्क मिळालेल्या सगळ्याच गावांत मेंढा-लेखासारखी शिस्त नाही. कुठे ठेकेदार ग्रामसभेच्या नावाने बांबू उचलतो, कुठे बायका सभेला बसतात पण बोलत नाहीत, कुठे पारध अजून चालते. वाघाचा किंवा हत्तीचा मार्ग पन्नास गावांतून जातो आणि एका गावाचा निर्णय त्याला पुरत नाही. यावर उपाय गावांच्या महासंघाचा आहे, आणि गडचिरोलीत ग्रामसभा तेंदूच्या लिलावासाठी तसे एकत्र येतही आहेत. गाभ्यातली काही जागा पूर्ण शांत हवी, हेही मी मानतो. पण मेळघाटातून बाहेर हलवलेल्या कुटुंबांपैकी काही २०१९ मध्ये परत जंगलात शिरली आणि तिथे संघर्ष झाला, तो कबूल केलेली शेती, पाणी, दवाखाना नीट न मिळाल्याच्या तक्रारीतूनच. संमती कागदावर घेतली आणि आश्वासन अर्धे सोडले, की पुढच्या गावाची संमती मिळत नाही.

कागदाचाच आणखी एक दाखला. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत आणि दंड ठरवल्यावर देशभर नोंदवह्यांची घाई झाली. जी गोष्ट गावातल्या वैदू, गुराखी, मासेमार आणि शाळकरी मुलांनी बसून, वर्षभराचे ऋतू पाहून लिहायची, ती कितीतरी ठिकाणी बाहेरच्या माणसाने काही दिवसांत भरली. आपल्या शिवारात घोरपड कुठे राहते, गिधाड शेवटचे कधी बसले, हे गावाला माहीत आहे. ते लिहून घेण्याची संधी आपण घालवली. ती अजून परत घेता येईल, कारण वही दुरुस्त करण्याचा अधिकार समितीला आहे.

या सगळ्यावरून माझा निष्कर्ष ठाम आहे. जिथे गावाकडे हक्क, उत्पन्नातला वाटा आणि नाही म्हणण्याची मुभा होती तिथे राखण टिकली. जिथे गावाकडून फक्त श्रम आणि संयम मागितला तिथे ती योजनेच्या मुदतीपुरतीच चालली. म्हणून शासनाने तीन गोष्टी आता कराव्यात. व्याघ्र प्रकल्प, अभयारण्ये आणि प्रादेशिक वनविभाग यांचे आराखडे संबंधित ग्रामसभांच्या ठरावाशिवाय मंजूर करू नयेत. पिकांची भरपाई उताऱ्यावर आधारून, ठेक्याने कसणाऱ्यालाही मिळेल अशी करावी. आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना वनखात्याइतकाच निधी थेट द्यावा, कारण काम त्या तेवढेच करतात. वाचकांनीही एक करावे. ताडोबाला, वेळासला, कडबनवाडीला जाल तेव्हा गावातल्या घरी उतरा, वाटाड्याला त्याच्या गावाच्या नुकसानीबद्दल विचारा, आणि आपण भरलेल्या शुल्कातले किती रुपये त्या गावाच्या समितीकडे जातात हे प्रवेशद्वारावर लेखी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठी पुरेसा आहे आणि त्याला दहा रुपये लागतात.